विरघळलेला मध

हिंजवडी
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

आई,
सा. न.

आनंद म्हणाला, फोन करू नकोस, आईला तुझं ऐकू येणार नाही आणि मोबाईलला ती हात लावणार नाही. म्हणून हे पत्र. रोज सकाळी तो तुमच्याकडून जेवणाचा डबा घेऊन शिवाजीनगरला ऑफिसला जातो. तर कालच्या रिकाम्या डब्यात माझी चिठ्ठी आणि आजच्या भरल्या डब्याच्या पिशवीत तुमची. चालेल ना?

पहिलाच दिवस आहे ओवीशिवाय. सहा महिन्यांनी लॅपटॉप उघडला तर पासवर्ड एक्स्पायर झालेला. मॅनेजर म्हणे, वेलकम बॅक, या महिन्याअखेर रिलीज आहे. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले आणि परत येऊन मीटिंगला बसले. सोमवार ते शुक्रवार तुमच्याकडे, शनिवार-रविवार मी तिथे, असं ठरवलं तेव्हा सोपं वाटलं होतं. हिंजवडीहून नारायण पेठ म्हणजे रोज ये-जा करायचं अंतर नाही हो, लहान बाळाला घेऊन तर नाहीच.

एक महत्त्वाचं. डॉक्टरांनी परत सांगितलंय: वर्ष होईपर्यंत मध अजिबात नको. तुम्ही बाळघुटी देणार हे मला माहीत आहे, द्या, पण मधाशिवाय द्या. प्लीज.

पूर्णिमा


नारायण पेठ
मंगळवार

चि. सौ. पूर्णिमा हिस अनेक आशीर्वाद.

पत्राला मायना नीट लिहावा. ‘सा. न.’ म्हणजे काय, सामान नग? मी शाळेत शिकवत होते तेव्हा असा अर्ज पोरांना परत दिला असता.

ओवी मजेत आहे. सकाळी अंगाला तेल लावलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली, झोपली. आनंद येतो तेव्हा ती झोपलेलीच असते. त्याला म्हटलं, उठवू नकोस, बघून जा.

आता मध. तुझे डॉक्टर म्हणतात त्यात तथ्य आहे, पण तुला ते नीट कळलेलं नाही. ते नको म्हणतात तो दुकानातला मध. साखरेचा पाक, वर रंग. असला मध मी तरी देईन का? शुद्ध मधाने आजवर कुणाचं पोर आजारी पडलं? घुटी काय कोरडी चाटवायची? सहाणेवर मुरडशेंगेचे दोन वेढे, हळकुंडाचा एक, वेखंडाचा अर्धा, हे कडू जहर पोर मधाशिवाय कसं घेणार, ते तुझ्या डॉक्टरांनी येऊन दाखवावं. चहा देईन.

दुधीची भाजी दिली आहे. आनंद टाकून देईल, तू खा.

आई


हिंजवडी
गुरुवार, १३ नोव्हेंबर

(लिहिलं. डब्यात घातलं नाही.)

आई,

खरं सांगते. तुमच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात नाही. घातला तरी तुम्ही कानाचं मशीन काढून ड्रॉवरमध्ये ठेवाल आणि म्हणाल, ते शिट्टी वाजवतं. तिथे रोज मी नसणार. तुम्ही मध देणारच. मग मी विचार केला, मधच असा द्यावा की ज्यात मध नाही.

आज वर्क फ्रॉम होम घेतलं आणि दिवसभर ओट्याशी उभी आहे. सिमल्याची सफरचंदं, साली आणि बियांसकट मोठे तुकडे, बुडतील इतकं पाणी, मऊ होईस्तोवर शिजवली. मग तुम्हीच दिलेल्या मलमलच्या फडक्यात बांधून नळाला टांगली. पिळायचं नाही, नाहीतर रस गढूळ होतो, हे दुसऱ्या प्रयत्नात कळलं. नितळ रस आला तो जाड बुडाच्या पातेल्यात घालून, लिंबू पिळून, मंद आचेवर ठेवला. साखर नाही. सालीतच काहीतरी असतं, त्यानेच दाट होतं. आधी पिवळा, मग सोनेरी, मग लालसर. शेवटी सतत ढवळावं लागतं, क्षणात जळतो. चमच्यावरून मधासारखी धार पडायला लागली तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. आनंदने चाखला आणि म्हणाला, आईला कळणार नाही. मग म्हणाला, आईला सगळं कळतं. पिशवीभर सफरचंदांची एक छोटी बरणी झाली.

मी तुम्हाला फसवतेय. ओवीसाठी. एवढं समजून घ्या.


हिंजवडी
गुरुवार, १३ नोव्हेंबर

ती. आईंना सा. नमस्कार. (बघा, मायना!)

तुमचं पटलं. दुकानातला नकोच. माझ्या मैत्रिणीच्या ओळखीत कुणाकडे तरी पेट्या आहेत मधमाश्यांच्या, तिच्याकडून मागवलाय. एकदम शुद्ध. आनंदबरोबर बरणी पाठवतेय. घुटीत फक्त हाच वापरा हं. आणि फ्रिजमध्ये ठेवा.

पूर्णिमा


नारायण पेठ
सोमवार, १७ नोव्हेंबर

(देवघरातल्या पोथीखाली ठेवलं.)

चि. पूर्णिमा,

शनिवार-रविवार तू इथे होतीस, ओवीला मांडीवरून खाली ठेवत नव्हतीस. तेव्हा बोलणार होते, बोलले नाही. आता लिहिते, आणि हेही देईन असं वाटत नाही.

तुला फसवलंय कुणीतरी. फ्रिजमध्ये ठेवायचा मध म्हटल्यावरच मला शंका आली. मध कधी नासतो का? आज तू नसताना काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात थेंब सोडला. खरा मध तळाशी जाऊन बसतो. हा पसरला, पाणी गढूळ झालं, विरघळला. मग कापसाची वात भिजवून पेटवली. तडतडली आणि विझली. भेसळ. डॉक्टर नको म्हणतात तो हाच मध, आणि तू बिचारी पैसे मोजून, मैत्रिणीवर विश्वास ठेवून, पोरीसाठी तोच घेऊन आलीस.

तुला हे कसं सांगू? दिवसभर त्या काचेच्या इमारतीत राबतेस, त्यात पोरीपासून लांब. वर मी म्हणायचं की तू पोरीला साखरेचा पाक चाटवलास?

गोदाबाई येते ना मुळशीकडून, करवंदं आणि रानभाज्या घेऊन कोपऱ्यावर बसते ती, तिच्या दिराने डोंगरातलं पोळं काढलंय. तिने माझ्यासमोर मेणासकट पिळून दिला. पाण्यात थेंब सोडला, तळाशी जाऊन मोत्यासारखा बसला. तुझी बरणी धुऊन पुसून त्यात भरला. तुझा मी पोळीबरोबर संपवते आहे. मध म्हणून वाईट, पण मुरंब्यासारखा बरा लागतो.

तुझं मन राहिलं, पोरीला शुद्ध मिळालं. आणखी काय पाहिजे.


नारायण पेठ
मंगळवार, १८ नोव्हेंबर

चि. सौ. पूर्णिमा हिस आशीर्वाद.

मध छान आहे हो. ओवी मिटक्या मारते. मी बोट पुढे केलं की जीभ बाहेर काढते लबाड. तुझ्या मैत्रिणीला सांग, आवडला.

मायना सुधारला. अक्षर सुधारायला वेळ लागेल.

आई


हिंजवडी
सोमवार, २४ नोव्हेंबर

ती. आईंना सा. नमस्कार.

काल निघताना ओवी झोपलेली होती ते एका अर्थी बरंच झालं, नाहीतर माझा पाय निघाला नसता. तुम्ही तिला किती छान ठेवलंय. केसांना वास कसला गोड येतो!

बरणी ओट्यावर दिसली. फ्रिजमध्ये ठेवा म्हटलं होतं ना? रंग गडद झालाय त्याचा. हवा लागली की होतं तसं, मला सांगितलंय. बुरशी दिसली तर मात्र लगेच टाका, मी दुसरी पाठवीन. आणि एवढा वापरून बरणी अजून काठोकाठ कशी? तुम्ही अगदी थेंबभरच घालता वाटतं. मला उगाच भीती वाटायची तुमची. सॉरी. तुमची म्हणजे मधाची.

या शनिवार-रविवारी रिलीज आहे. यायला जमेल असं वाटत नाही. मॅनेजरला म्हटलं, माझं बाळ आहे, तर म्हणाला, ऑल द मोअर रीझन, लवकर संपवू. काय बोलणार अशा माणसाला.

पूर्णिमा


नारायण पेठ
बुधवार, २६ नोव्हेंबर

चि. सौ. पूर्णिमा हिस आशीर्वाद.

तुझ्या मॅनेजरला मूल आहे का? असेल तर ते त्याच्या आईकडे असणार.

मध ओट्यावरच राहू दे. काही होत नाही त्याला.

ओवीचं पोट साफ होत नाहीये. रविवारपासून नाही. घाबरायचं कारण नाही, आनंदला तर आठवडा आठवडा होत नसे. मुरडशेंगेचे वेढे वाढवले आहेत आणि त्या मानाने मधही दुप्पट घालते. पोटावर हिंगाचा लेप लावला. बाकी इतकी शहाणी झाली आहे म्हणून सांगू. गेल्या आठवड्यात सारखी हातपाय झाडायची, लंगोट बांधू द्यायची नाही. आता निमूट पडून असते. मी काम करते, ती बघत असते. लळा लागला की पोरं शांत होतात.

शनिवारी येत नाहीस ते कळलं. ये म्हणत नाही. पण येतीस तर बरं झालं असतं.

आई


हिंजवडी
गुरुवार, २७ नोव्हेंबर

आई,

चार दिवस? आनंद का नाही बोलला मला? तुम्ही त्याला सांगितलं नाहीत का? डॉक्टरांना मेसेज केला, ते म्हणाले, वरचं खाणं सुरू केल्यावर होतं असं, पाणी द्या, पिकलेली पपई कुस्करून द्या, नाही झालं तर आणून दाखवा. पपई द्या. घुटी थोडे दिवस बंद केली तर?

मी पाठवलेला मध चालू ठेवला तरी हरकत नाही, त्याने पोट साफ व्हायला उलट मदतच होईल. नुसता घुटीतला कडू भाग बंद करा.

निमूट पडून असते म्हणजे कशी? झोपाळू का?

पू.


नारायण पेठ
शनिवार, २९ नोव्हेंबर

चि. पूर्णिमा,

आनंदला सांगून काय करायचं? तो बघतो, गालाला बोट लावतो, डबा उचलतो आणि घड्याळ बघतो. बापाचा वारसा.

तुझ्या सांगण्यावरून वेढे बंद केले. पपई तोंडात घातली तर बाहेर आली. गिळायचा कंटाळा करते. दूध प्यायला फार वेळ लावते, अर्ध्यात थकते, ओघळ मानेवर येतो. म्हणून मी बोटाने मध लावते मधून मधून, तेवढीच ताकद. तो ओठावर लावला की आत जातो.

समोरची मुमताज आली होती, फॉल-बिडिंगवाली. ओवीला घेतलं तर माझ्या कानाशी ओरडली, मालनबाई, इसकी गर्दन तो देखो. मी म्हटलं, जागरण झालं असेल. मग कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं तिने: रोती है तो बिल्ली के बच्चे जैसा आवाज. दोन दिन से. मला राग आला. तिला स्वतःच्या सुनेचं पोर सांभाळायला बोलावत नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या घरात नाक. ती म्हणते म्हणून मी मशीन काढून कानाला लावलं. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, कुकर, सगळं एकदम डोक्यात घुसलं. ओवीने तोंड उघडलं होतं. पण रडते आहे की जांभई देते आहे ते मला काही उमगलं नाही.

मशीन परत काढून ठेवलं. पापण्या मात्र जड वाटतात पोरीच्या. तू सोमवारी तरी ये.

आई


हिंजवडी
रविवार, ३० नोव्हेंबर

आई,

तुमचं पत्र आत्ता आनंदच्या हातून घेऊन वाचलं. काल दुपारीच मुमताजभाभींनी त्यांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल केला होता. मी मीटिंगमध्ये होते, मीटिंग म्यूट करून बघितलं. ओवी समोर होती, मी टाळ्या वाजवल्या, वेडेवाकडे चेहरे केले. काहीच नाही. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. मला वाटलं स्क्रीन हँग झाली. मी हॅलो हॅलो करत राहिले. मग दिसलं की मागे पंखा फिरतोय.

मग मी मीटिंगला परत गेले. नेटवर्कच असेल, पंख्याचं माझ्या डोक्यातलं असेल, असं स्वतःला सांगत. रात्रभर काम केलं.

मी कॅब बुक केलीय, वाकड पुलावर सगळं तुंबलंय, म्हणून आनंदला बाईकवर पुढे पाठवतेय हे देऊन. तिला आत्ता उचला, पांघरुणात गुंडाळा आणि आनंदबरोबर रिक्षात बसा. कपडे, दुपटी काही घेत बसू नका. मी थेट हॉस्पिटलला येते.


हॉस्पिटल
मंगळवार, २ डिसेंबर

आई,

तुम्हाला आत सोडलं नाही त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मलासुद्धा दिवसातून दोनदाच सोडतात. आनंदने तुम्हाला खुणांनी काय सांगितलं माहीत नाही, म्हणून लिहितेय.

ओवीचा श्वास नीट चालत नव्हता. आता मशीनवर आहे. नाकातोंडात नळ्या आहेत. ताप नाही, मेंदूचा फोटो नॉर्मल, रक्त नॉर्मल. तिचे स्नायूच काम करत नाहीत. आधी पापण्या, मग मान, मग गिळणं, आता छाती. वरून खाली चाललंय, असं म्हणतात. का, ते कळत नाहीये. डॉक्टर पाठीतलं पाणी तपासायला घेऊन गेले.

एका तरुण डॉक्टरने पहिल्याच दिवशी विचारलं, बाळाला मध दिला होता का? मी छातीठोकपणे सांगितलं, एक थेंबही नाही, जन्मापासून नाही. आनंदनेही तेच सांगितलं. परत विचारलं, नक्की? घरात दुसरं कुणी? मी म्हटलं, नक्की, त्याची व्यवस्था मी स्वतः केली होती. मग त्यांनी ते खोडलं आणि पुढच्या गोष्टींकडे वळले. आता कसल्या तरी जनुकाची टेस्ट बंगळूरला पाठवतायत. तिचा रिपोर्ट यायला वेळ लागेल.

आई, आठवून सांगा. माझ्याकडून तुम्हाला जे मिळालं त्याशिवाय तिच्या तोंडात काही गेलं का? कुणी भेट दिलेलं, प्रसाद, औषध, काहीही. मी रागावणार नाही. आत्ता माझ्यात राग उरलेलाच नाही.

पूर्णिमा


नारायण पेठ
बुधवार, ३ डिसेंबर

चि. सौ. पूर्णिमा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मग परत वाचलं. आधी दोन घास खा. डब्यात मऊ भात आणि मेतकूट आहे, ते घशाखाली उतरतं.

मध दिला नाही असं डॉक्टरांना सांगितलंस ते बरं केलंस. मला तुझ्या धीराचं कौतुक वाटलं. हे लोक एकदा मध ऐकला की त्यालाच धरून बसतात, खरा आजार राहतो बाजूला, आणि बोल लावतात घरच्या बाईला. आनंदनेही साथ दिली, शहाणा आहे. मीही कुणापाशी बोलणार नाही. मुमताज काल परत कागदावर लिहून विचारत होती, घुटी में क्या देते थे. म्हटलं, जे सगळे देतात ते.

तू विचारतेस ते आठवून पाहिलं. नाही, वेगळं काही दिलं नाही. प्रसाद नाही, बाहेरचं नाही. तू पाठवलंस तेच त्याच बरणीतून दिलं. निश्चिंत राहा. तुला एक छोटी गोष्ट सांगायची आहे, पण ती आजारपणाची नाही, उगाच तुझ्या मनाला लागेल. ओवी घरी आली की हसत हसत सांगेन.

पोरगी मला डोळ्यासमोरून हलत नाही. रिक्षात माझ्या मांडीवर होती तेव्हा कापडाच्या बाहुलीसारखी लागली. चाळीस वर्षं मुलं हाताळली मी, असं कधी वाटलं नव्हतं. दुपारी पाळण्याची दोरी ओढली, मग लक्षात आलं.

आनंद म्हणाला, म्हणजे लिहून दाखवलं त्याने, की उद्या संध्याकाळच्या वेळेला तुझ्याऐवजी मला पाच मिनिटं आत सोडतील. तू तेवढा वेळ घरी जाऊन अंघोळ करून ये, तुझे हाल होतायत. मी आहे तिच्यापाशी. गाऊन घालायला लावतात, हात धुवायला लावतात, हे सगळं मला ठाऊक आहे. सहाण आणि घुटीची मुळं मी आणणार नाही, तेवढं मला कळतं.

पण इतके दिवस तिच्या तोंडाला नुसत्या नळ्या आणि औषधं. आपल्या घरचं काही लागलेलं नाही. म्हणून त्याच बरणीतलं एवढंसं चांदीच्या वाटीत, पदराखाली. नळी असली तरी ओठाच्या कडेला जागा असेल. नर्सची पाठ वळली की बोट बुडवून तेवढं लावीन आणि मूठ मिटून बाहेर येईन.

आई